महाडच्या दारांवरची बिजागरी

माद्रिदमध्ये, मेक्सिको शहरात किंवा ब्वेनोस आयरेसमध्ये दाराची झडप ज्या धातूच्या सांध्यावर फिरते, त्याला आजही रोजच्या बोलण्यात ‘बिसाग्रा’ म्हणतात. महाडच्या बाजारपेठेत किंवा पोलादपूरच्या एखाद्या सुताराकडे तीच वस्तू मागायची असेल तर बिजागरी मागावी लागते. स्पॅनिश शिकायला बसलेल्या मराठी माणसाला हा एक शब्द नव्याने पाठ करावा लागत नाही. तो त्याच्या घराच्या चौकटीला कित्येक पिढ्या ठोकलेलाच असतो. असे शब्द आपण बहुधा गंमत म्हणून एकमेकांना सांगतो आणि विसरून जातो. मला मात्र त्यात इतिहासाचा एक गंभीर प्रश्न दिसतो. सावित्रीच्या खोऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल कधीच नव्हता. इथे त्यांचे चर्च नव्हते, शाळा नव्हती, वखार नव्हती. स्पॅनिश लोक तर या किनाऱ्याचे मालक कधीच झाले नाहीत. मग घाटाच्या पायथ्याशी असलेल्या या मुलखात, समुद्रापासून इतक्या आत, दाराच्या सांध्याला हे नाव कुणी दिले? माझे म्हणणे असे, की ते राजाने दिले नाही, पाद्र्याने दिले नाही, व्यापाऱ्यानेही एकट्याने दिले नाही. ते रोख मजुरीवर गाव सोडून कामाला जाणाऱ्या कारागिराने दिले. रायगडाच्या छायेतल्या या दोन तालुक्यांचा इतिहास आपण दरबारातून आणि रणातून वाचत आलो. सुताराच्या पडवीतून तो अजून वाचायचा राहिला आहे.

आधी शब्द स्पॅनिश की पोर्तुगीज हे निकालात काढले पाहिजे. १५८० ते १६४० अशी साठ वर्षे स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता, त्यामुळे गोवा, चौल, वसई ही ठाणी नावाने स्पेनच्या राजाची झाली होती. एवढ्यावरून कुणी स्पॅनिश प्रभावाचे अनुमान काढील. पण फिलिप राजाने पोर्तुगालची गादी घेताना तिथला कारभार, आणि पूर्वेकडच्या ठाण्यांचा कारभारही, पोर्तुगीजांच्याच हाती ठेवण्याचे कबूल केले होते, आणि व्यवहारात भाषा बदलली नाही. याचा पुरावा आपल्याच घरात आहे. बिजागरी या एका शब्दावरून काही ठरत नाही, कारण जुन्या पोर्तुगीजीत आणि स्पॅनिशमध्ये तो सारखाच. पण तिच्या सोबतीने आलेली चावी पाहा. स्पॅनिशमध्ये चावीला ‘याव्हे’ म्हणतात, पोर्तुगीजीत ‘शाव्ह’, आणि सोळाव्या शतकात त्याच्या आरंभी स्पष्ट ‘च’चा उच्चार होता. लिलाव पाहा: पोर्तुगीज ‘लैलांव’, स्पॅनिशमध्ये त्यासाठी वेगळाच शब्द आहे. म्हणजे जे जहाजावरून उतरले ते पोर्तुगीज बोलत होते. पुढे लिस्बनमध्ये रोजच्या वापरात दुसराच शब्द, ‘दोब्रादिसा’, रूढ झाला आणि ‘बिसाग्रा’ मागे पडला. स्पॅनिशमध्ये तो टिकला, इतका की दोन मोठ्या पक्षांमध्ये सत्तेचा तोल फिरवणाऱ्या लहान पक्षाला तिकडे बिजागरीचा पक्ष म्हणतात. असे झाल्यामुळे आज लिस्बनच्या दुकानदारापेक्षा माद्रिदच्या दुकानदाराला महाडचा शब्द लवकर समजेल. आपल्याकडे राहिले आहे ते सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज सुतारकामाचे एक रूप.

हा शब्द संस्कृतातून आला असेल, बीज आणि अग्र यांची ती संधी असेल, असे सुचवणारे लोक भेटतात. अर्थाच्या दृष्टीने ही जोडणी ओढूनताणून आहे. बियाच्या टोकाचा दाराशी संबंध लागत नाही. पण अर्थापेक्षा भूगोल अधिक बळकट साक्ष देतो. गुजरातीत याच वस्तूला ‘मिजागरूं’ म्हणतात. ब आणि म दोन्ही ओठांचे वर्ण, त्यांची अशी अदलाबदल सहज होते. गोव्याच्या कोकणीत ‘बिजागर’ आहे. म्हणजे दीव-दमणपासून गोव्यापर्यंतच्या पट्ट्यात, जिथे जिथे पोर्तुगीज ठाणी होती तिथे तिथे, एकाच शब्दाची रूपे सापडतात. किनाऱ्यापासून लांब, हिंदीच्या मुलखात गेलो की तोच सांधा अरबीतून आलेल्या ‘कब्जा’ या नावाने ओळखला जातो. शब्द संस्कृतातला असता तर काशी-प्रयागच्या सुतारांनी तो असा टाकून दिला नसता. गोव्यात आसगाव येथे जन्मलेले सेबास्त्यांव रोदोल्फो दालगादो यांनी सुमारे पन्नास आशियाई भाषांतले पोर्तुगीज शब्द गोळा करून १९१३ साली कुइंब्रा येथे ग्रंथ छापला आणि १९३६ साली बडोद्याहून त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. त्या यादीत मराठीच्या वाट्याचे शब्द वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते: त्यांत तत्त्वज्ञान नाही, भावना नाहीत, नाती नाहीत. भांडी, फळे, कपडे, मजुरी आणि शिक्षा यांचेच शब्द जास्त. साबण, मेज, कमीज अशा शब्दांबद्दल वाद आहे, कारण ते अरबी-फारसीतूनही येऊ शकतात; त्यांना मी या लेखात साक्षीला बोलावत नाही. चावी, बिजागरी, घमेले, बालदी, पिंप, पगार, मेस्त्री, लिलाव, तुरुंग एवढे पुरेसे आहेत.

बिजागरीच्या आधी दार फिरत कसे होते, हे समजल्याशिवाय तिचे महत्त्व कळत नाही. देशी दाराचा सांधा लाकडातच असे. झडपेच्या एका कडेच्या उभ्या पट्टीला वर आणि खाली लाकडाचाच खुंट राखलेला असायचा. खालचा खुंट उंबरठ्यातल्या किंवा दगडातल्या खोबणीत बसायचा, वरचा चौकटीच्या माथ्यावरच्या लाकडात. दाराचा सगळा भार खालच्या खोबणीवर. गडकोटांवर दारे केव्हाच गेली, पण कितीतरी दरवाजांच्या कमानींत आगळीची भोके आणि खुंट फिरण्याच्या खोबणी अजून पाहता येतात. मोठ्या, जड, लढाईला तोंड देणाऱ्या दाराला ही रचना उत्तम होती: बाहेरून खिळा उपटून सांधा सुटत नाही, आणि भार दगड सोसतो. पण राहत्या घरात तिच्या अडचणी होत्या. दार चौकटीबरोबरच उभे करावे लागे. चौकट बसल्यावर झडप काढायची म्हणजे चौकट खिळखिळी करायची. खालचा खुंट झिजला की दार बसायचे आणि उंबरठ्याला घासायचे. महाड-पोलादपूरच्या पावसात, जिथे सह्याद्रीच्या भिंतीला अडून ढग महिनोन्‌महिने रिते होतात, फुगलेले लाकूड खोबणीत अडकून बसायचे. बिजागरीने दाराचा भार उंबरठ्यावरून उचलून बाजूच्या खांबावर नेला आणि झडपेला चौकटीपासून वेगळे आयुष्य दिले. दार मागाहून बसवता येऊ लागले, उतरवून रंधता येऊ लागले, एका घरातून काढून दुसऱ्या घराला लावता येऊ लागले. सावित्री आणि गांधारीच्या पुराने वेळोवेळी बुडालेल्या महाडसारख्या गावाला, जिथे जुलै २०२१मध्येही बाजारपेठ पाण्याखाली गेली, पाण्याने फुगलेले दार सोडवून वाळवता येणे ही काही किरकोळ सोय नव्हे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. धातूचा फिरता सांधा पोर्तुगीजांनी आणला काय? दागिन्यांची कळ, पानाच्या डब्याचे झाकण, पेटाऱ्याची कडी या गोष्टी इथल्या सोनार-तांबटांना आधीपासून येत होत्या. हे खरेच आहे, आणि शब्द बाहेरून आला म्हणून वस्तूही बाहेरूनच आली असे मी म्हणत नाही. उसन्या नावावरून एवढेच सिद्ध होते, की ती वस्तू बनवण्याच्या आणि विकण्याच्या जागी एक काळ दुसऱ्या भाषेचे बोलणे चालत होते. अशी जागा आपल्या रायगड जिल्ह्यातच होती. चौलच्या खाडीच्या मुखाशी, आजच्या रेवदंड्यात, पोर्तुगीजांनी १५२१ साली किल्ला बांधायला घेतला आणि १७४० पर्यंत ते ठाणे त्यांच्याकडे राहिले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आलेला डच प्रवासी लिन्स्कोटेन आणि १६१०च्या अलीकडचा फ्रेंच प्रवासी पिरार द लावाल हे दोघेही चौलच्या कारागिरांची वाखाणणी करतात. रेशीम तर तिथे विणले जाईच. पण पेट्या, लिहिण्याची मेजे, लहान कपाटे, लाखेच्या रंगाने मढवलेले पलंग असा लाकडी सामानाचा धंदाही जोरात होता. युरोपच्या संग्रहालयांत आज ‘इंडो-पोर्तुगीज’ म्हणून ठेवलेली कपाटे पाहिली की त्यांच्या प्रत्येक खणाला, प्रत्येक झाकणाला दोन गोष्टी हमखास दिसतात: बिजागरी आणि चावीचे भोक. पोर्तुगीज गिऱ्हाईक आणि मराठी बोलणारा कारागीर यांच्यात ज्या वस्तूंचे नाव रोज उच्चारले जाणार, त्या या दोनच. कुलूप अरबी-फारसी वाटेने आधीच आले होते, किल्लीही घरात होतीच, आणि तरीही चावी तिच्याशेजारी येऊन बसली. हा कारखान्यातल्या बोलण्याचा जोर. म्हणून मला वाटते, की बिजागरी आधी पेटीच्या झाकणाला आणि खिडकीच्या झडपेला लागली आणि दारापर्यंत नंतर पोचली.

चौलहून महाडला ती कशी आली? नकाशावर पाहिले तर मध्ये मुलूख परक्यांचा आणि बहुधा शत्रूंचा. निजामशाहीने १५७०-७१मध्ये चौलला वेढा घालून ते जवळजवळ घेतलेच होते. जावळी आणि रायरी मोऱ्यांकडे होती; १६५६ मध्ये ती शिवाजी महाराजांनी घेतली. शेजारी जंजिऱ्याचा सिद्दी. पण राज्यांच्या सीमांनी कारागिरांचे पाय बांधले जात नाहीत, याचा लखलखीत दाखला १६५९ सालचा आहे. कल्याण-भिवंडीकडे महाराजांनी गलबते बांधायला घेतली तेव्हा रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज माणूस त्या कामावर होता आणि त्याच्या हाताखाली त्याच्याच लोकांपैकी तीनशेहून अधिक माणसे होती. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितवून परत बोलावले, काम मध्येच सोडून ते निघून गेले, हा भाग इतिहासकार सांगतातच. मला महत्त्वाचे वाटते ते फितुरीच्या आधीचे दिवस. त्या गोदीत एवढी परकी माणसे आणि इथले सुतार-लोहार एकाच फळीवर काम करत होते. हत्यार मागायला, माप सांगायला, चुकले म्हणून ओरडायला शब्द लागतात, आणि ते शब्द ज्याच्या तोंडचे हुकूम त्याच्या भाषेतले असतात. गोदी मोडली तरी तिथे शिकलेला सुतार शब्द आणि हातोटी घेऊनच घरी येतो.

आणि त्याच्या घरी येण्याची वाट पाण्याची होती. आज मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्याला महाड हे रस्त्यावरचे गाव वाटते, पण रस्त्याच्या आधी ते बंदर होते. सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते. भरतीच्या पाण्यावर होड्या दासगावापर्यंत आणि पुढे महाडपर्यंत येत. इथून वरंध घाटाने भोरकडे, पोलादपूरवरून पार घाटाने जावळी-वाईकडे माल बैलांच्या पाठीवर चढे. किनाऱ्याचे मीठ, मासळी आणि नारळ वर, देशावरचा माल खाली. गंधारपाल्याची आणि कोलची लेणी सांगतात, की ही वाट दोन हजार वर्षांपूर्वीही चालती होती. व्यापारी आणि दाते नसते तर डोंगरात इतकी लेणी खोदली गेली नसती. चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत फिरणारी तारवे बाणकोटच्या मुखाशी येत-जात, आणि तारवाबरोबर खलाशी, सुतार आणि पिंपे येत. पिंप हा शब्दच पाहा: दारू आणि पाणी भरायचे जहाजावरचे लाकडी पीप, पोर्तुगीज ‘पिपा’. महाडच्या घरात ते पाण्याचे पिंप झाले आणि आज प्लास्टिकचे असले तरी नाव तेच. पोलादपूर या वाटेचे शेवटचे सपाट ठिकाण. शिवभारतकार कवींद्र परमानंदाची समाधी तिथे आहे. काव्याच्या अभ्यासकांनी ती जागा जपली. त्याच गावातून वर गेलेल्या खिळे-बिजागऱ्यांच्या गोण्यांची नोंद ठेवणारे कुणी नव्हते, म्हणून त्यांच्याबद्दल शब्दांनाच विचारावे लागते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. नांगर, कुळव, गाडीचे चाक, घराचे वासे ही कामे तो वर्षभर करायचा आणि खळ्यावर त्याला धान्याचा वाटा मिळायचा. त्याच्या हत्यारांची नावे पाहा: वाकस, रंधा, करवत, पटाशी, गिरमिट. त्यातले बहुतेक शब्द देशी किंवा फारसीतून आलेले. पोर्तुगीज छाप तिथे फारशी नाही. जुन्या दाराची नावेही तशीच: उंबरठा, चौकट, कडी, कोयंडा, आगळ, अडसर. पोर्तुगीज शब्द कुठे दाट होतात? बलुत्याच्या बाहेर पाऊल पडते तिथे. ‘मेस्त्री’ हा पोर्तुगीज ‘मेस्त्र’ म्हणजे उस्ताद. तो गावचा सुतार नसतो, तो चार माणसे हाताशी घेऊन काम अंगावर घेणारा असतो. ‘पगार’ हा पोर्तुगीज ‘पागार’, पैसे चुकते करणे. बलुत्याला कुणी पगार म्हणाले नाही. ‘लिलाव’ म्हणजे माल बोलीवर विकणे, घमेले म्हणजे चुना-माती वाहण्याचे भांडे, म्हणजे पुन्हा बांधकामाची मजुरी. आणि ‘तुरुंग’ हा ‘त्रोंकु’, खोडा, चुकलेल्या मजुराला, खलाशाला, कुळाला ज्यात अडकवत तो. हे सगळे शब्द एकत्र ठेवले की एक जागा आपोआप उभी राहते: जिथे काम रोख पैशावर मोजले जाते, वर एक मेस्त्री असतो, हातात घमेले असते, आणि बाहेर एक तुरुंग असतो. ती जागा गोदी, किल्ल्याचे बांधकाम किंवा बंदराची पेठ असू शकते. गावचे खळे असू शकत नाही. बिजागरी याच कुटुंबातली आहे. ती बलुत्यात घडवून मिळत नव्हती. लोहाराला किंवा दुकानदाराला पैसे देऊन आणावी लागत होती. पैसा घरात आला तेव्हा ती दाराला लागली.

कुणी म्हणेल, पोर्तुगीज शब्द धर्मांतरातून आणि सत्तेतून आले असतील. गोव्यात तसे झाले नाही काय? तसे झाले असते तर परिणाम कसा दिसतो, हे तपासायला दूर जायला नको. रायगड जिल्ह्यातच, मुरूड तालुक्यात, कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली घराघरांत बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आसपास असतील. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेन्ट्स यांनी तिच्यावर १९९६ साली ग्रंथ लिहिला. चर्च आणि किल्ला एकत्र असले की असे होते: क्रियापदे, सर्वनामे, नाती, प्रार्थना सगळे पोर्तुगीज मुळाचे, आणि वाक्याचा कल मराठीचा. महाड-पोलादपुरात याच्या नेमके उलट. इथे एकही क्रियापद आले नाही, एकही नातेवाचक शब्द आला नाही, देवाधर्माचा शब्द आला तर तो दुसऱ्यांच्या देवाधर्माबद्दल बोलण्यापुरता: पाद्री, नाताळ. आली ती फक्त नावे, आणि तीही हातात धरता येणाऱ्या वस्तूंची आणि मजुरीच्या व्यवहाराची. पगारापुरते भेटले की भाषेचा एवढाच भाग हस्तांतरित होतो. कोर्लई आणि महाड एकाच जिल्ह्यात असणे ही इतिहासाने करून ठेवलेली तुलना आहे आणि अभ्यासकांनी ती आजवर पुरेशी वापरली नाही, याची मला खंत वाटते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. हे शब्द पोर्तुगीज काळात नव्हे, तर इंग्रजांच्या मुंबईतून आले असतील. महाड-पोलादपूरचे संसार गेली दीडशे वर्षे मुंबईच्या मनीऑर्डरवर चालले. गिरणी, गोदी, पोलीस, पलटण यांत इथली माणसे गेली, आणि येताना ट्रंक, कंदील, छत्री यांबरोबर शब्द आणले. बाणकोट तर १७५५-५६ मध्येच इंग्रजांकडे गेले. मुंबईचा वाटा मी नाकारत नाही; पगार हा शब्द घरोघर पोचवण्याचे काम मुंबईनेच केले असणार. आणि मुंबईही १६६१च्या लग्नकरारापर्यंत पोर्तुगीजांचीच होती, तेव्हा तिथल्या सुतार-गवंड्यांच्या तोंडी हे शब्द आधीपासून होते. पण उगम इंग्रजी काळात शोधता येत नाही. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत बिजागरी आहे, आणि मुंबईतली पहिली कापड गिरणी सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. शिवाय बिजागरी इंग्रजी राज्यात प्रथम आली असती तर तिचे नाव ‘हिंज’ झाले असते, जसे बोल्टचे बोल्ट आणि नटचे नट झाले. तिच्याच भोकांत बसणारी वस्तू याची साक्ष देते. मराठीत पेचासाठी मळसूत्र हा सुंदर शब्द होता, दागिन्यांत तो वापरलाही जाई, तरी सुतार म्हणतो ‘स्क्रू’. लाकडात बसणारा स्क्रू यंत्रावर स्वस्त आणि भरपूर बनू लागला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, आणि इथे तो इंग्रजांच्या मालाबरोबर आला. त्याआधी बिजागरी खिळ्यांनी ठोकत आणि खिळ्याचे टोक मागून वाकवत. म्हणजे एकाच सांध्यावर पट्टीचे नाव पोर्तुगीज काळाचे आणि तिला धरून ठेवणाऱ्या वस्तूचे नाव इंग्रज काळाचे. जमिनीच्या थरांप्रमाणे हे थर एकमेकांवर बसलेले आहेत आणि त्यांचा क्रम उलटा लावता येत नाही.

या सगळ्यात रायगडाची जागा कोणती? राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ही फार मोठी दृष्टी होती. राज्य आपले तर राज्याची भाषाही आपली, हे त्या काळात कुणी एवढ्या स्पष्टपणे म्हटले नव्हते. पण कोशाचे काम दरबार, खजिना, किल्ला, सैन्य यांच्या शब्दांचे. गडावर हिरोजी इंदलकरांनी वाडे उभे केले तेव्हा हातोडा चालवणाऱ्या शेकडो सुतार-लोहारांच्या तोंडच्या नावांना कुणी हात लावला नसावा, आणि लावण्याची गरजही नव्हती. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी रायगडावर तोफा डागल्या, आग लागली आणि लाकडी बांधकाम जळून गेले. राजवाड्यांची दारे खुंटावर फिरत होती की बिजागरीवर, हे दाखवणारे लाकूडच उरले नाही. जोती आणि पायऱ्या उरल्या. पुढे विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली, शासनाने परिभाषा कोश केले, तरी बिजागरी जागची हलली नाही. उलट ती शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात गेली. कोपर आणि गुडघ्याच्या सांध्याला तिथे ‘बिजागरीचा सांधा’ म्हणतात आणि खांद्याच्या सांध्याला ‘उखळीचा सांधा’. ज्या मंडळींनी इतरत्र संस्कृत संज्ञा घडवल्या, त्यांना इथे मुलांना कळेल असा शब्द सुताराच्या पडवीतच सापडला. हा निर्णय मला फार योग्य वाटतो. शब्द कुठून आला यापेक्षा तो किती घरांत राहतो, यावर त्याचे मराठीपण ठरले.

आता तोच खेळ पुन्हा सुरू झालेला दिसतो. मुंबई-पुण्याच्या धर्तीवर महाडच्या नव्या इमारतींत स्वयंपाकघराची तयार कपाटे बसू लागली. त्यांच्या आत लपणाऱ्या, आपोआप मिटणाऱ्या सांध्याला कारागीर बिजागरी म्हणत नाही, ‘हिंजेस’ म्हणतो. मुख्य दाराला लागणाऱ्या पितळी पट्टीला मात्र बिजागरीच म्हणतो. नवी वस्तू नव्या कारखान्यातून आली, तिचे नाव तिच्याबरोबर आले, आणि जुनीने आपले राखले. तेव्हा चौलच्या पेट्यांबाबत जे घडले असे मी म्हणतो, ते आज डोळ्यांसमोर घडताना पाहता येते. दुसरीकडे, खेड्यांतली जुनी घरे पाडून स्लॅबची घरे उभी राहत आहेत, आणि त्यांची सागवानी, फणसाची दारे जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यांकडे, मुंबईत जोगेश्वरीपर्यंत, जात आहेत. व्यापारी नक्षीचे पैसे देतो. सांध्याकडे तो पाहत नाही आणि बहुधा तोच पहिल्यांदा काढून भंगारात टाकतो. पण दाराचा काळ अजमावायचा तर नक्षीपेक्षा सांधा अधिक खरे सांगतो. लाकडी खुंट असेल तर एक थर, हाताने घडवलेली लोखंडी पट्टी आणि मागे वाकवलेले खिळे असतील तर दुसरा, सारख्या आट्यांचे स्क्रू असतील तर तिसरा. आणि एकाच दारावर खुंट तासून टाकल्याची खूण व वरून ठोकलेली बिजागरी अशी दोन्ही दिसली, तर त्या घरात रोख पैसा केव्हा पोचला याचा सरकारी दप्तरांत नसलेला कागद हाती आला असे समजावे. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतली अशी पन्नास-शंभर दारे मोजून, फोटो काढून, लाकूड आणि सांधा नोंदवून ठेवणे हे एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दोन उन्हाळ्यांत जमण्यासारखे काम आहे. ते झाले, तर वर मांडलेला युक्तिवाद एकतर पक्का होईल किंवा कुठे चुकला ते लाकूडच दाखवून देईल.